मत तत्त्वाला द्यायचे की जिंकणाऱ्याला? भंडाऱ्याची १९५४ ची पोटनिवडणूक आणि पुलगावचा आजचा प्रश्न

निवडणूक लागली की पुलगावात एक वाद हमखास सुरू होतो. कधी वस्तीतल्या विहारासमोर, कधी स्टेशनजवळच्या चहाच्या टपरीवर, कधी घरातच जेवताना. एक जण म्हणतो, "आपला पक्ष, आपलं निशाण. हरला तरी चालते, पण मत आपल्याच माणसाला." दुसरा म्हणतो, "जो निवडूनच येणार नाही त्याला मत देऊन काय भेटते? ज्याला पाडायचं आहे, तोच त्यानं निवडून येते." तिसरा गप्प बसून ऐकत असतो. तो बहुधा अठरा-वीस वर्षांचा असतो आणि पहिल्यांदाच मतदान करणार असतो. त्याला दोघांचेही पटते, म्हणून तो जास्त गोंधळतो.

निकाल लागल्यावर हा वाद मिटत नाही, उलट वाढतो. एक गट दुसऱ्याला "मतं खाणारे" म्हणतो, दुसरा पहिल्याला "दलाल" म्हणतो. मग विहाराच्या कमिटीत दोन तट पडतात, जयंतीची वर्गणी दोन ठिकाणी जमा होते, आणि पाच वर्षे एकमेकांच्या दारी न जाणारी घरे तयार होतात. उमेदवार कोणीही निवडून आला तरी हे नुकसान आपलेच असते.

हा लेख त्या गप्प बसलेल्या तिसऱ्या तरुणासाठी आहे. अमुक पक्षाला मत द्या असे यात सांगितलेले नाही. निर्णय कसा करावा, आकडे कसे वाचावेत आणि खुद्द बाबासाहेबांसमोर असाच पेच आला तेव्हा त्यांनी काय केले, एवढेच यात आहे.

दोन्ही बाजू खोट्या नाहीत

तत्त्वाला मत देणाऱ्याचे म्हणणे असे: मी दर वेळी "कमी वाईट" निवडत राहिलो, तर माझ्या विचाराचा पक्ष कधी उभाच राहणार नाही. माझे मत हमखास मिळणार हे मोठ्या पक्षाला ठाऊक असेल, तर तो मला काही देणारही नाही. कांशीराम यांनी १४ एप्रिल १९८४ रोजी बहुजन समाज पक्ष काढला तेव्हा कार्यकर्त्यांना ते हेच समजावत. पहिली निवडणूक हरण्यासाठी, दुसरी समोरच्याला हरवण्यासाठी आणि तिसरी जिंकण्यासाठी, असा त्यांचा हिशोब होता. उत्तर प्रदेशात तो खरा ठरला. १९९५ मध्ये मायावती मुख्यमंत्री झाल्या आणि २००७ मध्ये त्या पक्षाने एकट्याच्या बळावर बहुमत मिळवले. सुरुवातीला हरलेली मते वाया गेली, असे तिथे कोणी म्हणू शकत नाही.

व्यवहार पाहणाऱ्याचे म्हणणेही तितकेच वजनदार आहे. तो म्हणतो, मत म्हणजे माझ्या मनाच्या समाधानाची वस्तू नाही. त्या मताने सरकार बनते, आणि त्या सरकारच्या निर्णयाने माझ्या मुलाची शिष्यवृत्ती वेळेवर येते किंवा अडते, रमाई आवासचा हप्ता पडतो किंवा पडत नाही, अत्याचाराच्या गुन्ह्याची फिर्याद घेतली जाते किंवा जात नाही. मी मोकळ्या मनाने हरलो आणि त्याची किंमत वस्तीतल्या सर्वांत गरीब घराने मोजली, तर माझे तत्त्व कोणाच्या कामाचे?

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी १९१९ मध्ये दिलेल्या एका व्याख्यानात नेमका हाच भेद मांडला होता. एक नीती निष्ठेची, दुसरी परिणामांच्या जबाबदारीची. राजकारण करणाऱ्याला दोन्ही लागतात, असाच त्यांच्या मांडणीचा शेवट होता. आपल्या परंपरेत हे नवीन नाही. भगवान बुद्धांनी केसपुत्तच्या कालामांना ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर किंवा गुरूच्या शब्दावर विसंबू नका असे सांगितले, आणि त्याच वेळी कोणत्या कृतीतून हित होते आणि कोणत्या कृतीतून दुःख होते हे स्वतः तपासायला सांगितले. हेतू शुद्ध असावा आणि परिणामही पाहावा, या दोन्ही गोष्टी त्या उपदेशात आहेत.

मग अडचण कुठे आहे? अडचण आपल्या निवडणूक पद्धतीत आहे.

पुलगावच्या मतदारसंघाचे गणित

आपल्याकडे ज्याला सर्वांत जास्त मते तो विजयी. निम्म्याहून जास्त मते लागत नाहीत. दोन तगडे उमेदवार असतील तर तिसऱ्याला पडलेली थोडी मतेही निकाल फिरवू शकतात.

पुलगावकरांना हे दूर जाऊन शिकायची गरज नाही. २००८ च्या पुनर्रचनेपूर्वी आपला विधानसभा मतदारसंघ पुलगाव या नावानेच ओळखला जात होता, आता तो देवळी आहे. २०१४ मध्ये देवळीत काँग्रेसचे रणजित कांबळे आणि भाजपचे सुरेश वाघमारे यांच्यातील फरक एक हजार मतांपेक्षाही कमी होता. २०१९ मध्ये भाजप-शिवसेना युतीत ही जागा शिवसेनेकडे गेली. राजेश बकाने बंडखोरी करून अपक्ष उभे राहिले आणि दुसऱ्या क्रमांकावर आले, शिवसेनेचा उमेदवार तिसरा राहिला, आणि कांबळे आरामात जिंकले. २०२४ मध्ये तेच बकाने भाजपचे अधिकृत उमेदवार होते. या वेळी कांबळे सुमारे नऊ हजार मतांनी हरले.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. मतविभागणी हा फक्त आंबेडकरी समाजाचा "दोष" नाही. ती प्रत्येक छावणीत होते. मोठ्या पक्षाचा बंडखोर उभा राहतो तेव्हा त्याला कोणी समाजाचा गद्दार म्हणत नाही. आपल्या वस्तीतला मुलगा वेगळ्या निशाणावर उभा राहिला की मात्र हा शब्द लगेच निघतो. हा शब्द आधी बाजूला ठेवू आणि मग आकडे पाहू.

"मते खाल्ली" हा आरोप कधी खरा, कधी खोटा

वर्धा लोकसभा, २०१९. भाजपचे रामदास तडस काँग्रेसच्या चारुलता टोकस यांच्याविरुद्ध एक लाख ऐंशी हजारांहून जास्त मतांनी जिंकले. वंचित बहुजन आघाडी आणि बसपा या दोघांच्या उमेदवारांची मते मिळून एक लाखाच्या आतच होती. ती सगळीच्या सगळी काँग्रेसला गेली असती तरी निकाल बदलला नसता. तरीही त्या वर्षी "तुमच्यामुळे हरलो" हे वाक्य वर्ध्यातही ऐकू आले. आकड्यांनुसार ते खोटे होते.

वर्धा लोकसभा, २०२४. महाविकास आघाडीकडून राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे अमर काळे उभे होते. त्यांनी तडस यांना एक्याऐंशी हजारांहून जास्त मतांनी हरवले. वंचित आणि बसपा या वेळीही रिंगणात होते, पण निकाल अडला नाही.

आता अकोल्याकडे पाहू. २०१९ मध्ये तिथे भाजपचे संजय धोत्रे जिंकले, ॲड. प्रकाश आंबेडकर दुसरे आले आणि काँग्रेसचा उमेदवार तिसरा. म्हणजे "मते कोणी खाल्ली" हा प्रश्न विचारायचाच असेल, तर तो तिसऱ्याला विचारावा लागतो, आणि तिसरी काँग्रेस होती. २०२४ मध्ये अनुप धोत्रे सुमारे चाळीस हजार मतांनी जिंकले. या वेळी काँग्रेसचे डॉ. अभय पाटील दुसरे होते आणि पावणेतीन लाखांहून जास्त मते घेऊन बाळासाहेब तिसरे. या वेळी तिसऱ्याची मते फरकाच्या कितीतरी पट होती. एकाच मतदारसंघात पाच वर्षांत "मते खाणारा" बदलला. म्हणून हा शब्द वापरण्याआधी त्या मतदारसंघाचा, त्या वर्षाचा आकडा काढावा लागतो.

जगातही हे घडते. २००० साली अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात जॉर्ज बुश यांची आघाडी फक्त ५३७ मतांची होती, आणि राल्फ नाडर या तिसऱ्या उमेदवाराला सत्त्याण्णव हजारांहून जास्त मते पडली होती. तिथले कार्यकर्ते आजही यावरून भांडतात.

आणि एकत्र आल्यावर काय होते, हे विदर्भानेच दाखवले आहे. १९९८ च्या लोकसभेत रिपब्लिकन नेत्यांनी काँग्रेसशी समझोता केला. अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि मुंबई उत्तर मध्यमधून रामदास आठवले निवडून आले. चौघेही सर्वसाधारण जागांवरून. आपल्या समाजाच्या बाहेरची मतेही त्यांना मिळाली, म्हणूनच हे शक्य झाले. ही एकजूट टिकली नाही, हा पुढचा कडू भाग. पण शक्यता खरी होती.

बाबासाहेब हरले त्या दोन निवडणुका

आता मूळ मुद्द्याकडे येतो. बाबासाहेब लोकसभेसाठी दोनदा उभे राहिले आणि दोन्ही वेळा हरले, हे आपण सगळे जाणतो. पण त्या दोन निवडणुकांत मताचे काय झाले, हे फार कमी तरुणांना ठाऊक असते.

त्या काळी काही मतदारसंघ द्विसदस्यीय होते. एकाच मतदारसंघातून दोन खासदार निवडले जात, एक सर्वसाधारण जागेवर आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव जागेवर. प्रत्येक मतदाराला दोन मते असत. दोन्ही मते एकाच उमेदवाराला देता येत नसत. दिली तर एक मत बाद होई.

१९५२ मध्ये बाबासाहेब मुंबईतून राखीव जागेवर उभे होते. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची समाजवादी पक्षाशी युती होती आणि सर्वसाधारण जागेवर समाजवादी नेते अशोक मेहता होते. कम्युनिस्ट पक्षाचे कॉ. श्रीपाद अमृत डांगेही सर्वसाधारण जागेवर उभे होते. डांगे यांच्या बाजूने प्रचार झाला की आम्हाला एक मत द्या आणि दुसरे कुजवा. निकालात काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७ आणि बाबासाहेबांना १,२३,५७६ मते पडली. फरक साडेचौदा हजारांचा होता, आणि बाद ठरलेली मते ७४,३३३ होती. बाबासाहेब आणि अशोक मेहता या दोघांनी या मते कुजवण्याच्या प्रचाराविरुद्ध निवडणूक याचिका दाखल केली.

दोन वर्षांनी, १९५४ मध्ये, भंडाऱ्याची पोटनिवडणूक आली. बाबासाहेब तेव्हा राज्यसभेत होते, पण लोकांतून निवडून येऊन लोकसभेत जाण्याची त्यांची इच्छा होती. भंडाराही द्विसदस्यीय होता. पुन्हा अशोक मेहता सर्वसाधारण जागेवर, या वेळी प्रजा समाजवादी पक्षाकडून, आणि बाबासाहेब राखीव जागेवर.

इथे आपल्या कार्यकर्त्यांना एक युक्ती सुचली. आपल्या लोकांनी एक मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे कुजवावे. म्हणजे ते दुसरे मत कोणाच्याच खात्यात जाणार नाही आणि बाबासाहेबांचे पारडे जड राहील. मुंबईत आपल्याशी जे झाले, तेच आपण करू. त्या काळच्या कार्यकर्त्यांनी पुढे सांगितलेल्या आठवणींनुसार, हे कानावर येताच बाबासाहेबांनी साफ नकार दिला. हरलो तरी चालेल, पण मत कुजवू देणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. ज्याने प्रत्येक प्रौढ माणसाला मताचा अधिकार देणाऱ्या संविधानाचा मसुदा तयार केला, त्याच्याच कार्यकर्त्यांनी ते मत मातीत घालायचे, हे त्यांना मान्य नव्हते. शिवाय मित्रपक्षाला दिलेला शब्द होता.

निकाल लागला. अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर जिंकले आणि बाबासाहेब सुमारे आठ हजार मतांनी हरले.

या गोष्टीतून आपण नेहमी एकच अर्थ काढतो: बाबासाहेब तत्त्वासाठी हरले. तो खरा आहे, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा असा की बाबासाहेब मुळात युती करून लढत होते. मुंबई आणि भंडारा दोन्हीकडे त्यांनी समाजवाद्यांचा हात धरला होता. कारण राखीव जागाही फक्त आपल्या मतांवर जिंकता येत नाही, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारानंतर स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि राखीव जागेवरही सगळ्या समाजाची मते लागू लागली. बाबासाहेबांनी ही वस्तुस्थिती ओळखून व्यवहार केला.

पण त्या व्यवहाराला कुंपण होते, आणि ते निवडणुकीच्या आधी घातलेले होते. फेडरेशनने १९५१ मध्ये जाहीरनामा प्रसिद्ध केला. हिंदू महासभेसारख्या पक्षांशी युती करणार नाही, आणि व्यक्तिस्वातंत्र्य व संसदीय लोकशाही मोडू पाहणाऱ्या कम्युनिस्ट पक्षाशीही करणार नाही, हे त्यात लिहिले होते. म्हणजे कोणाबरोबर जायचे नाही, हे आधी लेखी ठरले. उरलेल्यांपैकी कोणाबरोबर जायचे, हे परिस्थिती पाहून ठरले. आणि एकदा ठरल्यावर, हरण्याची वेळ आली तरी शब्द मोडला नाही.

बाबासाहेबांच्या निर्वाणानंतर १९५७ मध्ये फेडरेशनने संयुक्त महाराष्ट्र समितीत राहून निवडणूक लढवली आणि कर्मवीर दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेत गेले. तोही कुंपणाच्या आतला व्यवहारच होता.

म्हणून तत्त्व आणि व्यवहार हे एकमेकांविरुद्ध उभे असलेले दोन उमेदवार नाहीत. तत्त्वाने सीमा ठरवायची आणि व्यवहाराने त्या सीमेच्या आतली निवड करायची. क्रम उलटला, म्हणजे आधी उमेदवार ठरला आणि मग त्याला शोभेल असे तत्त्व शोधले, की घोळ होतो.

व्यवहार वेगळा, सौदा वेगळा

आपल्या वस्त्यांत "प्रॅक्टिकल व्हा" असे म्हणणारा प्रत्येक जण व्यवहाराचीच गोष्ट करत असतो असे नाही. मतदानाच्या आधी विहारासमोर पेव्हर ब्लॉक बसतात, सभामंडपाचे आश्वासन येते, मंडळाला साउंड मिळतो, शेवटच्या दोन रात्री पाकिटे फिरतात. याला व्यवहार म्हणू नका. मतासाठी पैसे देणे आणि घेणे, दोन्ही कायद्याने गुन्हा आहे. गुन्ह्यापलीकडे पाहिले तरी ते तोट्याचे आहे. ज्याने मत विकत घेतले, त्याच्यावर आपले काही देणे उरत नाही. निवडून आल्यावर त्याच्या दारात गेलो, तर तो मनातल्या मनात म्हणतो, तुमचा हिशोब तर चुकता केला.

फरक ओळखायला एक सोपी कसोटी आहे. जे मागितले ते सगळ्यांसमोर मागता येते का? विहारात बसून, महिला मंडळासमोर, मोठ्या आवाजात सांगता येते का? सांगता येत असेल तर तो व्यवहार. सांगता येत नसेल तर तो सौदा.

आणि मागायला पुलगावात विषय कमी आहेत का? केंद्रीय दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ च्या आगीत अनेक जवान आणि कर्मचारी गेले. २० नोव्हेंबर २०१८ रोजी सोनेगावजवळ जुना दारूगोळा निकामी करताना झालेल्या स्फोटात सहा जणांचा जीव गेला, त्यांत कंत्राटी मजूर होते. रोजीसाठी तिथे जाणारा मजूर कोणत्या घरातून येतो, हे आपल्याला माहीत आहे. त्याच्या विम्याचे, सुरक्षेचे, नुकसानभरपाईचे काय, हा प्रश्न लोकसभेच्या उमेदवाराला विचारायचा, कारण भांडार संरक्षण खात्याचे आहे. पुलगाव-आर्वी रेल्वेमार्गाचा प्रश्नही त्याचाच. बंद पडलेल्या कापड गिरणीनंतर तरुणांच्या रोजगाराचे काय, मागासवर्गीय मुलामुलींच्या वसतिगृहांचे काय, शिष्यवृत्ती का लांबते, हे आमदाराला विचारायचे. नाली, पाणी, घराचा पट्टा, अभ्यासिका हे नगरसेवकाला आणि नगराध्यक्षाला. प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला की उत्तरात फक्त आश्वासन मिळते.

मत ठरवण्याआधी पाच प्रश्न

एक. माझी सीमा कोणती? संविधान, जातीअंत, स्त्रियांची समता, अल्पसंख्याकांची सुरक्षितता. या बाबतीत उमेदवाराचा आणि त्याच्या पक्षाचा आजवरचा व्यवहार पाहा. भाषण पाहू नका, आणि जयंतीला पुतळ्यासमोरचा फोटो तर मुळीच नाही. सीमेबाहेरचा उमेदवार कितीही कामाचा वाटला तरी तो बाद.

दोन. ही निवडणूक कोणती आहे? नगर परिषदेत प्रभाग लहान असतो, फरक थोड्या मतांचा असतो. तिथे आपल्या विचाराचा, स्वच्छ, अभ्यासू तरुण उभा करून निवडून आणणे शक्य असते. नगर परिषदेत मतदाराला नगराध्यक्षासाठी वेगळे मत असते आणि बहुतेक प्रभागांत दोन सदस्यांसाठी दोन मते असतात. ही मते एकाच पक्षाला द्यावीत असे बंधन नाही. प्रभागात तत्त्वाचा माणूस आणि नगराध्यक्षपदी सीमेच्या आतला जिंकू शकणारा, असा विचार करता येतो. विधानसभा आणि लोकसभेत मत एकच असते, म्हणून तिथे हिशोब कडक लागतो.

तीन. मागचा आकडा काय सांगतो? गेल्या दोन निवडणुकांत पहिल्या आणि दुसऱ्यात किती फरक होता, आणि आपल्या पक्षाची मते किती होती? फरक मोठा असेल तर तत्त्वाचे मत देऊन तुम्ही कोणाचे नुकसान करत नाही, आणि पक्षाची ताकद मोजली जाते. लोकसभा किंवा विधानसभेत राज्यातील वैध मतांपैकी ८ टक्के मते मिळाली तर एकही जागा न जिंकता राज्य पक्षाची मान्यता मिळू शकते. त्यामुळे हरलेले मतही मोजले जाते. फरक छोटा असेल, आणि समोरचा सीमेबाहेरचा असेल, तर मात्र मत देताना परिणामाची जबाबदारी घ्यावी लागेल.

चार. उमेदवार कोण आहे? उमेदवारी अर्जासोबत प्रत्येकाला प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्यात मालमत्ता, शिक्षण आणि प्रलंबित गुन्हे असतात. लोकसभा-विधानसभेची प्रतिज्ञापत्रे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. दोन तरुणांनी एक संध्याकाळ काढून आपल्या मतदारसंघातील सगळी प्रतिज्ञापत्रे वाचून एका कागदावर मांडली, तर वस्तीत दहा भाषणांपेक्षा जास्त काम होईल. आपल्या पक्षाच्या उमेदवारालाही हीच चाळणी लावा. निशाण निळे असले म्हणजे माणूस आपोआप स्वच्छ होत नाही.

पाच. निवडणुकीनंतर काय? "हरण्यासाठी मत" याला अर्थ तेव्हाच असतो, जेव्हा पाच वर्षे बूथ बांधणी चालते, सभासद नोंदणी होते, इतर समाजांत जाणे-येणे असते. निवडणुकीपुरता जागा होणारा आणि नंतर दिसेनासा होणारा पक्ष तुमच्या तत्त्वाचा मान राखत नाही. कांशीराम यांच्या हिशोबात तीन निवडणुकांच्या मध्ये अखंड काम होते. ते काम वगळून फक्त हरणे उरले, तर तो हिशोब राहत नाही.

हीच कसोटी व्यवहारवाद्यालाही लागू आहे. मोठ्या पक्षाला मत दिले, तर त्याच्याकडून काय मागितले होते आणि किती मिळाले, याचा कागद कुठे आहे? न मागता दिलेले मत आणि न विचारलेला हिशोब, यामुळेच आपल्याला गृहीत धरले जाते.

नोटाचे काय? सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालानंतर हा पर्याय आला. लोकसभा आणि विधानसभेत नोटाला कितीही मते पडली तरी निकालावर परिणाम होत नाही. नगर परिषदेसारख्या स्थानिक निवडणुकांत मात्र महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये ठरवले की नोटाला सर्वाधिक मते पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची. सगळेच उमेदवार सीमेबाहेरचे असतील तर नोटा हा प्रामाणिक पर्याय आहे. पण घरी बसणे हा पर्याय नाही. भंडाऱ्यात बाबासाहेबांनी दुसरे मतसुद्धा कुजवू दिले नाही. आपण तर एकुलते एक मत घरी बसून कुजवतो.

विहारात बसू, पण प्रचाराला नाही

एक सावधगिरी. विहार हे प्रार्थनास्थळ आहे. आचारसंहितेत प्रार्थनास्थळाचा प्रचारासाठी वापर करता येत नाही, आणि धर्माच्या नावावर मत मागणे हा भ्रष्ट आचार ठरतो. हा नियम इतरांनी मोडला की आपण बोट दाखवतो, तेव्हा आपणही तो पाळला पाहिजे. पण मतदार जागृती, मतदार यादीत नाव तपासणे, प्रतिज्ञापत्रांचे वाचन, मागण्यांची यादी तयार करणे यांना बंदी नाही. निवडणूक जाहीर होण्याच्या सहा महिने आधी हे केले तर आणखी चांगले. मागण्यांची यादी सगळ्या उमेदवारांना एकाच दिवशी, एकाच ठिकाणी, सगळ्यांसमोर द्या आणि उत्तरे लेखी घ्या. उत्तर न देणारा कोण, हेही एक उत्तरच असते.

आणि निकालानंतर? भगवान बुद्धांनी वज्जींच्या गणराज्याबद्दल सांगितलेल्या सात गोष्टींत पहिली होती वारंवार एकत्र जमणे, आणि दुसरी होती एकदिलाने जमणे, एकदिलाने उठणे, एकदिलाने काम करणे. जोवर हे चालू राहील तोवर वज्जींची उन्नतीच होईल, हानी नाही, असे ते म्हणाले होते. सगळ्यांनी एकच मत द्यावे, असे त्यात नाही. मतभेद असूनही एकत्र बसता आले पाहिजे, असे आहे.

तेव्हा टपरीवर गप्प बसलेल्या त्या तरुणाला एवढेच सांगायचे आहे. मतदानाच्या दिवशी तू तुझ्या मित्राहून वेगळे बटण दाबशील, हरकत नाही. तू सीमा आधी ठरवली असशील, आकडा पाहिला असशील, पाकीट घेतले नसशील, तर तुझे मत वाया गेले नाही. आणि ज्याने दुसरे बटण दाबले त्यानेही हेच केले असेल, तर तो दलाल नाही आणि तू मते खाणारा नाहीस. निकालाच्या दुसऱ्या दिवशी दोघांनी विहारात यावे आणि निवडून आलेल्याकडे कोणती मागणी आधी घेऊन जायची ते ठरवावे.

जय भीम! नमो बुद्धाय!